पुढच्या रविवारी कुणाला बोलावशील?

अगं, पाळकसाहेब उपदेशाच्या शेवटी म्हणाले, पुढच्या महिन्यात प्रत्येकाने एका तरी माणसाला उपासनेला घेऊन या, आणि तू लगेच मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागलीस. मी बघत होते. तुझ्या एकटीचं नव्हतं ते, निम्म्या बायकांचं तसंच झालं. ऑफिसातल्या मैत्रिणीला म्हणावं तर तिला वाटेल, झालं, ही आता मला बाटवायला निघाली. शेजारच्या काकूंना म्हणावं तर संध्याकाळपर्यंत सोसायटीभर. आणि समजा कुणी आलंच, तर आपल्या मंडळीत त्या माणसाचा जीव रमेल का, हे तर कुणी मोठ्याने विचारतच नाही. पाळकांना वाईट वाटेल म्हणून तू ते त्यांना विचारणार नाहीस, मला विचारतेस. विचार की. फक्त माझं सगळं उत्तर तुला आवडेल असं समजू नकोस.

आधी पाळकांची बाजू. त्यांना नुसती डोकी मोजायची आहेत, असं तू बाहेर येताना म्हणालीस, ते काही मला पटलं नाही. वर्षाचा अहवाल त्यांना द्यावा लागतो हे खरं, पण मागचे बाक रिकामे होत चाललेत ते दर रविवारी समोरून बघायचं काम त्यांच्याच नशिबी आहे. पोरं पुण्या-मुंबईला गेली, काही आखातात गेली. म्हातारी माणसं गुडघ्यांनी अडवली. उरलेले आपण दर रविवारी त्याच जागेवर बसतो, तीच गाणी म्हणतो आणि जेवणाच्या वेळेआधी घरी पोचतो. अशा वेळी कुणीतरी ढोसायलाच हवं. आणि त्यांनी एकदम दोन गोष्टी सांगितल्या होत्या हे तू सोयीने विसरलीस. माणसं आणा, आणि विश्वासूपणे जगा. पहिली ऐकून तू घाबरलीस, दुसरी ऐकलीच नाहीस. माझ्या मते दुसरीच जास्त अवघड आहे.

एक हिशेब सांगते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं साधारण पावणेअकरा लाख भरली. म्हणजे शंभरात एक, तेही जेमतेम. त्यातले बरेचसे मुंबई, वसई, पुणे, नगर अशा ठिकाणी. आता तुझ्या ऑफिसात बघ. तिथल्या बहुतेकांच्या ओळखीची ख्रिस्ती बाई म्हणजे तू एकटी. त्यांनी बायबल उघडलेलं नाही, उघडतीलच असंही नाही. पण तू रजा कशी मागतेस, साहेब नसताना काय करतेस, कुणाची चुगली सुरू झाली की खुर्ची पुढे ओढतेस की मागे, हे ती माणसं रोज वाचतात. नाताळला तू करंज्या आणि चिवडा घेऊन जातेस त्याचं कौतुक होतं, ते होऊ दे. वर्षाचे बाकीचे दिवसही तुझ्याच नावावर जमा होत असतात.

आता 'बाटवणार' या भीतीचं. ती हसण्यावारी नेऊ नकोस, तिला इतिहास आहे. 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा आपल्या भागात मिशनऱ्यांनी अन्न दिलं, कामं काढली, आणि त्याच सुमारास कितीतरी कुटुंबं ख्रिस्ती झाली. कुणी भुकेपोटी आलं, कुणी गावकुसाबाहेरचं जिणं नको म्हणून आलं, कुणी खरोखर ख्रिस्तासाठी आलं. बहुतेकांची ही सगळी कारणं एकमेकांत मिसळलेलीच असणार, माणसाचं तसंच असतं. पण धान्यासाठी धर्म सोडला हा टोमणा आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर ऐकला आणि आपल्याही कानावर अधूनमधून येतो. म्हणून एक पथ्य कडक पाळ. बोलावण्याला दुसरं काहीही चिकटवायचं नाही. नोकरी नाही, शाळेतला प्रवेश नाही, दवाखान्याचा खर्च नाही, आणि प्रार्थनेने आजार बरा होईलच अशी हमी तर मुळीच नाही. मदत करायची असेल तर कर, भरपूर कर, पण ती चर्चला न येणाऱ्यालाही तितकीच मिळाली पाहिजे.

कायद्याचंही ऐकून ठेव, कारण तू उगाच घाबरतेस आणि काहीजण उगाच शेफारतात. घटनेच्या 25 व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलेला आहे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट केला. आपली तत्त्वं दुसऱ्याला समजावून सांगता येतात, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणणं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. न्यायालयाच्या निकालावर वाद घालणारे घालोत, मला विचारशील तर शुभवर्तमानाला ही मर्यादा जाचायचं काही कारण नाही. माणसाचं मन बदलणं आपल्या हातात आहे असं आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ना. वा. टिळकांचं बघ ना. त्यांची गाणी आपण लहानपणापासून म्हणतो, पण त्यांना पहिल्यांदा कुणी सांगितलं हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? 1893 च्या सुमाराची गोष्ट. टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी होता. तो सभ्यपणे बोलला, संस्कृत काव्यावर त्यांच्या गप्पा झाल्या, मग हळूच धर्माचा विषय निघाला. उतरण्याआधी त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातात दिली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. पण वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून वाचायला बसले, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायापासून जे डोंगरावरचं प्रवचन सुरू होतं तिथे पोचल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.   आधी तो प्रवासी कवितेवर बोलला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. समोरच्याला काय आवडतं ते त्याने आधी ऐकून घेतलं. (ते दोन वर्षांचं भाकीत मात्र तू कुणाला करू नकोस. त्याचं खरं ठरलं, तुझं ठरेलच असं नाही.)

पण या गोष्टीची दुसरी बाजू घरात होती, आणि ती आपल्या उपदेशांत फारशी येत नाही. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो बायकोला, लक्ष्मीबाईंना, विश्वासात न घेता. त्या नातेवाइकांकडे होत्या. बातमी आली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळलं. पुढची काही वर्षं नवरा एकीकडे, बायको एकीकडे. टिळकांबद्दल मला कितीही आदर असला तरी हे त्यांचं वागणं मला पटत नाही, कधीच पटलं नाही. मात्र पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ परत आल्या तेव्हाचा भाग वाच. त्या आल्या त्या हिंदू म्हणूनच आल्या. सोवळं सांभाळत होत्या, पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी ते चालू दिलं. बाईंनी हळूहळू, स्वतःशी भांडत, कधी नवऱ्याशी भांडत, स्वतःच विचार केला. माणसामाणसांतली शिवाशिव देवाने केलेली नाही असं त्यांचं त्यांना पटलं, मग सोवळं सुटलं, आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, पण आपल्या पायांनी. त्याच बाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिलं. वाचलं नसशील तर आधी ते वाच, बोलावणी नंतर करू.

मला यातून जे घ्यायचं ते मी घेतलं. ज्याला बोलावतो त्याला वेळ द्यायचा, पाच वर्षं म्हटलं तर पाच वर्षं. टिळक तरी अखेरीस कुठे आले बघ. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळेच चालायचे. आपल्या मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना हे आज सांगितलं तरी त्यांचा चष्मा नाकावर घसरेल.

ओढाताण न करता बोलावणं शास्त्रातही आहे. योहानाच्या पहिल्या अध्यायात नथनेल नाक मुरडतो, नासरेथातून काही चांगलं कसं निघेल म्हणून. फिलिप्प त्याच्याशी वाद घालत बसत नाही. येऊन बघ, एवढंच सांगतो. चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई घागर विहिरीवरच टाकून गावात जाते आणि लोकांना घेऊन येते. थोड्याच दिवसांत तेच गावकरी तिला सांगतात की आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून मानत नाही, आम्ही स्वतः ऐकलंय. तिला राग आल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आणि अंद्रिया? तो आधी गेला कुणाकडे? सख्ख्या भावाकडे. म्हणजे सुरुवात ओळखीतल्या, घरातल्या माणसापासून.

इथेच मला खरं बोलायचंय तुझ्याशी. तू नव्या माणसाच्या शोधात आहेस. जुनी माणसं कुठे गेली ते बघितलंस का? आपल्या बाकावर शेवटच्या टोकाला एक ताई बसायच्या. नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि यायच्या बंद झाल्या. त्यांना कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं. महिला मंडळात त्यांच्या पाठीमागे जे बोललं गेलं ते त्यांच्या कानावर गेलं, बस. एक मुलगा कॅरल पार्टीत ढोलकी वाजवायचा. प्यायला लागला तसं पंचांनी त्याला बाजूला केलं, ते समजू शकते मी, पण नंतर त्याच्या घरी कोण गेलं? वर्गणीच्या हिशेबावरून दोन घरांत बोलाचाली झाली, तेव्हापासून एक घर दुसऱ्या चर्चला जातं. आणि ते आजोबा, ज्यांना जिना चढवत नाही, त्यांच्याकडे प्रभुभोजन घेऊन पाळक जातात, आपण जातो का? मत्तयाच्या पाचव्याच अध्यायात आहे बघ, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. डोंगरावरच्या प्रवचनाने टिळक हलले, आपण ते पाठ म्हणतो.

आणि जे नवे येतात त्यांना आपण काय दाखवतो? याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढ. सोन्याची अंगठी घातलेला सभेत आला की त्याला चांगली जागा, आणि फाटक्या कपड्यातल्याला म्हणायचं तिथे उभा राहा. आपल्याकडे अंगठी नसली तरी आडनाव असतं. "मूळचे कुठले तुम्ही?" हा प्रश्न आपल्या बायका किती गोड विचारतात आणि उत्तर ऐकून मनात काय नोंद करतात, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. चर्चच्या नोंदवहीत जातीचा रकाना नसतो, लग्न जुळवताना मात्र तो कुठून तरी उगवतो. ज्या छळातून सुटायला आपले पूर्वज इथे आले तोच आपण आत घेऊन बसलो, तर नव्या माणसाला कुठल्या तोंडाने चल म्हणायचं?

आता विश्वासूपणे जगण्याचं. मोठमोठं काही सांगत नाही, तुझ्या घरातलंच सांगते. तुमच्याकडे भांडी घासायला ज्या मावशी येतात त्याच वरच्या मजल्यावर जातात, त्याच शेजारच्या काकूंकडे जातात. तू कशी ख्रिस्ती आहेस हे काकूंना त्यांच्याकडून कळतं. महिन्याचे पैसे पाच तारखेला मिळतात की दहा वेळा मागावे लागतात, पोर तापाने फणफणलं म्हणून दोन दिवस आल्या नाहीत तर तू खाडा धरतेस का, चहाचा कप त्यांच्यासाठी वेगळा ठेवलाय का. त्या कपाबद्दल मी तुला एकदा टोकलं होतं, तू म्हणालीस सासूबाईंनी ठेवलाय. असेल. आता सासूबाई गावी आहेत, कप अजून तिथेच आहे. तो काढ. मावशी काही बोलणार नाहीत, पण आठवड्याभरात तीन मजल्यांना कळेल, आणि कुठल्याही छापील पत्रकाने जे होत नाही ते होईल.

तसंच भिशीचं. तुझ्याकडे हिशेबाची वही आहे, बायका तुझ्यावर विश्वासून पैसे देतात. मध्येच अडचण आली म्हणून त्यातले हजार वापरले, चार दिवसांनी परत ठेवले, कुणाला कळलं नाही, असं कधी करू नकोस. कळत नाही म्हणून तर ते विश्वासूपणाचं काम. आणि दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट प्रार्थनेच्या नावाखाली फोडायची नाही. "तिच्यासाठी प्रार्थना करा हं, तिच्या घरी काय चाललंय माहितेय ना," असं म्हणत मी कितीतरी घरांची लक्तरं घरसभेत धुतलेली ऐकली आहेत. प्रार्थनेत नाव घेतलं की पुरतं, कारण देवाला ठाऊक असतं.

एवढं करून मग मैत्रिणीला बोलाव. आणि बोलवायचं कसं, तर समोरासमोर, मोकळेपणाने. लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली तर आपण जातोच असं नाही, घरी येऊन हातात दिली तर साडी काढून ठेवतो, तसंच हे. ग्रुपवर पोस्टर टाकून बोलावणं झालं असं समजू नकोस. म्हण, "रविवारी आमच्याकडे उपकारस्तुतीचा सण आहे, नंतर भाज्या-कोंबड्यांचा लिलाव असतो, मजा येते, येतेस का?" पहिल्यांदा बोलवायला हा सण उत्तम. एखादा साधा भोपळा चढाओढीने भलत्याच किमतीला जाताना बघून कुणालाही हसू येतं, आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात हे सांगायला संकोच वाटत नाही. नाताळची रात्रही चालेल, पण त्या गर्दीत तिच्याशी बोलायला तुला वेळ मिळणार नाही. आणि तिच्याकडे गणपती असेल, तर तिने बोलावल्यावर तूही जा. प्रसाद खायचा की नाही हा तुझ्या विवेकाचा प्रश्न, पण तिच्या आईला नमस्कार करायला, आरास बघायला काय हरकत आहे? एकाच बाजूने बोलावणी चालली की समोरच्याला आपण शिकारी वाटायला लागतो.

ती आली की तिला दारात सोडून गायकवृंदात पळू नकोस. त्या दिवशी गायला नाहीस तरी चालेल. चप्पल बाहेर काढायची असेल तर आधी सांग, बायकांची बाजू वेगळी असेल तर तेही सांग. शेजारी बस, 'उपासना-संगीत'मध्ये गाण्याचा क्रमांक काढून दे. कधी उभं राहायचं, कधी बसायचं ते कानात सांग. दानाची थैली यायच्या आधी सांगून टाक की तू काही घालायची गरज नाही, कारण त्या क्षणी पर्समध्ये सुटे पैसे शोधताना पाहुण्या माणसाची जी तारांबळ उडते ती बघवत नाही. प्रभुभोजनाचा रविवार असेल तर ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, तू बसून राहिलीस तर कुणी काही म्हणणार नाही, हेही आधीच. आणि उपासनेनंतर चहाच्या वेळी आपल्या उत्साही काकांपासून तिला वाचव. पहिल्याच भेटीत फोन नंबर, पत्ता आणि साक्ष मागणारे ते.

तिने प्रश्न विचारले तर येतील तेवढी उत्तरं दे. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात सांगितलंय, आपल्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. आपल्याकडे तयारी असते, सौम्यता कमी पडते. मूर्तिपूजेवर व्याख्यान देऊ नकोस. तुझ्या आयुष्यात काय झालं ते सांग. माहीत नसेल तिथे पाळकसाहेबांना विचारून सांगते म्हण.

आणि नाहीच म्हणाली तर? तर नाही. सोमवारी तिच्या डब्यातली भाजी आधी घेतेस तशीच घे. पुन्हा त्याच विषयाची टोचणी लावू नकोस. लूकाच्या चौदाव्या अध्यायातल्या मेजवानीला बोलावलेल्यांनी काय काय कारणं दिली, कुणी शेत घेतलं, कुणी बैलांच्या पाच जोड्या, कुणाचं नुकतंच लग्न झालं. आजच्या कारणांपेक्षा फार वेगळी नाहीत ती. यजमानाने मग रस्त्यावरच्या, गल्लीबोळातल्या लोकांना बोलावलं, ज्यांना कुणीच कधी बोलावत नाही त्यांना. मला वाटतं आपल्या यादीत तीच माणसं वर असायला हवीत.

तर ऑफिसातल्या मैत्रिणीचं नंतर बघू. आपल्या बाकाच्या टोकाला बसणाऱ्या त्या ताई अजून त्याच घरात राहतात, मी चौकशी केली आहे. शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ. चर्चचा विषय पहिल्या भेटीत काढायचा नाही, आपल्या बायका जे बोलल्या त्याबद्दल वाईट वाटतं एवढं मात्र सांगायचं. मी येते बरोबर, पण बोलायचं तू.